भिंतीकडची बाजू

ठकी राहायला येणार म्हटल्यावर मामांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर शिडी काढली. दुसरा एखादा आजोबा खेळणी आणायला धावला असता, निदान गाद्यांना ऊन तरी दाखवलं असतं. पण रंगाऱ्याचं डोकं वेगळं चालतं. घरात आनंद झाला, मारा रंग. दुःख झालं, मारा रंग. काहीच झालं नाही तरी वर्ष उलटलंच आहे, मारा रंग.

ठकी म्हणजे मामांची नात, मुलीची मुलगी. सहा वर्षांची. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण मामा तिला ठकीच म्हणतात आणि तीही ओ देते. मामांचं स्वतःचं खरं नाव तरी कुठे कोणाला ठाऊक होतं? ते विजेच्या बिलावर यायचं तेवढंच. चाळीस वर्षं रंगकाम केल्यावर सगळ्या वस्तीचे ते मामा झाले होते आणि त्यांची बायको आपोआप मामी. मामी जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

त्या दोन वर्षांत मुलगी येऊन जाऊन होती, नाही असं नाही. पण सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ठकीला तर आणायचीच नाही. कधी शाळा, कधी परीक्षा, कधी जावयाला रजा नाही. पहिलीतल्या पोरीच्या इतक्या कसल्या परीक्षा असतात, हे मामांना कोडंच होतं. या वेळी मात्र त्यांनी फोनवर हट्टच धरला, अगदी लहान मुलासारखा, आणि पलीकडून ठकीनेही आईचा पदर सोडला नाही. शेवटी मुलगी म्हणाली, "बरं. शुक्रवारी येतो. दोन दिवस." मग म्हणाली, "बाबा, आम्ही बाहेरच्या खोलीत झोपलो तर चालेल ना?"

"बाहेरच्या खोलीत कशाला? आतली खोली तुमच्यासाठी नवी करून ठेवतो. ठकीला विचार रंग कुठला हवा."

आईच्या खोलीत तिला झोपवत नसेल, असं मामांनी समजून घेतलं. फोन ठकीने ओढून घेतला आणि पिवळा सांगितला. पण अंड्यातला नाही, लिंबाचा.

मामांचं घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, टेबल, खुर्च्या. आतल्या खोलीत पलंग, एका भिंतीला चिकटून. भिंतीकडच्या बाजूला मामी झोपायच्या, कारण मामांना कामावर पहाटे उठावं लागायचं आणि तिला ओलांडून कोण जाणार. तीस-पस्तीस वर्षं अशीच गेली. मामी गेल्या तरी मामा अजून आपल्याच बाजूला झोपत. भिंतीकडची बाजू रिकामी. उशी मात्र तिथे होती.

हीच ती भिंत. तिच्यावर डाग पडायचे. आधी फिकट, चहा सांडल्यासारखे, मग कडेने काळपट. आता गंमत अशी, की डागाळलेल्या भिंती ही मामांची खासियत. ओलीची भिंत मामांच्या हाताखालून गेली की कोऱ्या कागदासारखी दिसायची. घर विकणारे, घर भाड्याने देणारे, सगळे मामांनाच बोलवायचे. डाग जात नसे, झाकला जात असे, हे मामांनाही माहीत होतं. पण पुढे त्या घरात कोण राहतं आणि त्यांना तिथे कसं वाटतं, ते विचारायची पाळी मामांवर कधी आली नाही. रंगारी घरातून निघाला की त्याचं आणि भिंतीचं नातं संपलं.

सोमवारी मामांनी पलंग ओढला, पोपडे काढले, खड्ड्या-भेगांत लांबीचा लगदा भरला. लांबी सुकल्यावर भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहिली आणि रंगाचा नंबर लिहिला. ही त्यांच्या उस्तादाने लावलेली शिस्त. पुढे कधीतरी कोणी रंगारी ती भिंत खरवडेल, तर त्याला कळावं आपल्याआधी इथे काय होऊन गेलं. परक्याच्या घरी एवढंच लिहायचं. पण या घरात लग्नानंतरच्या पहिल्याच रंगाला मामींनी पेन्सिल त्यांच्या हातातून काढून घेतली होती.

"तारखेखाली मी पण लिहिणार. पण तुम्ही वाचायचं नाही हं. पाठ करून उभे राहा."

मामा पाठ करून उभे राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी डोळे बारीक करून त्यावर ब्रश फिरवला. तेव्हापासून हे ठरूनच गेलं. आधी तीन-चार वर्षांनी रंग व्हायचा, शेवटची सहा वर्षं दर वर्षी. दर वेळी मामा पेन्सिल मागे धरायचे, मामी घ्यायच्या, काहीतरी लिहायच्या, कधी हसत, कधी खोकत. मामा पत्ते खेळताना हमखास लबाडी करायचे, त्याबद्दल त्यांची ख्याती होती. पण हे एक त्यांनी पाळलं. एकदाही वाचलं नाही.

सोमवारी तारीख लिहून झाल्यावर मामांचा हात सवयीने पाठीमागे गेला. पेन्सिल धरून ते क्षणभर तसेच थांबले. मग आपल्यालाच ओशाळून त्यांनी ती कानावर अडकवली आणि रंगाचा डबा उघडला.

मंगळवारी रंगाचा दुसरा हात मारताना शिडीवरच त्यांना खोकल्याची उबळ आली. साधी नाही, अशी, की शिडी धरून उभं राहावं लागलं आणि छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली. हे काही नवीन नव्हतं. वर्षभर चाललं होतं. सकाळी उठल्या उठल्या खोकला, चार पायऱ्या चढलं की धाप. वय झालं, रंगाचा वास नाकात बसलाय, धूळ आहे, अशी कारणं मामांकडे भरपूर होती. माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. त्या जिना उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, तुमचा खोकला मला आता तोंडपाठ झालाय. मामींचा झाला होता तसाच."

"रंगाचा वास आहे, बाई. बसेल दोन दिवसांत."

"बसेल, बसेल म्हणता आणि तुम्हीच बसाल. उद्या दवाखान्यात जायचं. छातीच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या हाताखालून गेलेली मुलगी. मी फोन करून ठेवते."

बाई चाळीस वर्षं शाळेत होत्या. त्यांना नाही म्हणायची मामांची टाप नव्हती.

डॉक्टरीणबाई वयाने मामांच्या मुलीएवढी होती. तिने छाती तपासली, पाठ तपासली, एका नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. मामांनी गालफडं फुगवून फुंकलं, तरी यंत्रावरचा काटा काही वर जाईना.

"कधी बरं वाटतं का? अगदी खोकला नाही असं?"

मामांनी आठवून पाहिलं. "मागे एका बंगल्याचं काम घेतलं होतं. दहा दिवस तिथेच राहिलो. तेव्हा नव्हता."

"म्हणजे दिवसभर रंगाच्या वासात होतात, तरी नव्हता?"

"नव्हता खरा."

"आणि घरी आल्यावर?"

"आला परत. दोन-तीन दिवसांत."

तिने काहीतरी लिहून घेतलं. "घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी?"

मामा खुर्चीत ताठ झाले. स्वयंपाक्याला, तुमच्या घरी उपाशी झोपतात का, असं विचारण्यासारखंच हे झालं. "मी रंगारी आहे, ताई. माझ्या घरातली भिंत येऊन बघा. कालच रंगवलीय."

"छान. त्याआधी कधी रंगवली होती?"

"गेल्या वर्षी."

"त्याआधी?"

"त्याआधी दर वर्षी. मधलं एक सोडलं तर."

"मग दर वर्षी का रंगवावी लागते?"

प्रश्न अगदी सोपा होता. चाळीस वर्षांत तो त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःला तर मुळीच नाही.

मग तिने समजावून सांगितलं. रंग मारला म्हणून बुरशी मरत नाही. भिंतीत पाणी मुरत असेल तोवर ती रंगाच्या आत वाढत राहते, तिची बारीक भुकटी हवेत उडते आणि आपण झोपेत तासन् तास ती श्वासाबरोबर आत घेतो. कोणाला काहीच होत नाही. कोणाला सर्दी, कोणाला खोकला, कोणाची छाती सुजून आवळते. आधीच दमा असेल तर फार त्रास. "औषध देते. पण तुम्ही त्याच खोलीत झोपणार असाल तर औषध एकीकडे आणि भिंत दुसरीकडे. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. घरात लहान मूल वगैरे आहे का?"

"नात येतेय शुक्रवारी. तिला…" मामा अडखळले. "तिला बालदमा आहे. पंप असतो तिच्याजवळ."

"मग आत्ता नको. भिंत कोरडी होईपर्यंत नकोच."

मामांनी टोपी उचलली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"माझी बायको त्या भिंतीकडे झोपायची," ते म्हणाले. "सहा वर्षं खोकत होती."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "त्यामुळेच त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. आज ते कोणीच सांगू शकणार नाही. त्रास वाढला असेल, एवढं म्हणेन."

तिने खोटा धीर दिला नाही, याबद्दल मामांना तिचा राग आला आणि आदरही वाटला.

घरी येऊन ते आतल्या खोलीत उभे राहिले. लिंबाचा पिवळा दुपारच्या उजेडात नुसता हसत होता. इतकं सफाईदार काम, की कोणालाही दाखवावं. चार वर्षांपूर्वी ठकी या खोलीत शेवटची झोपली होती, मामींच्या कुशीत, भिंतीकडच्या बाजूला. सकाळी तिची छाती वाजायला लागली आणि मुलगी पहिल्या गाडीने तिला घेऊन गेली. मामा तेव्हा म्हणाले होते, प्रवासाची धूळ बाधली असेल.

खरवडायचं काम दुसऱ्या कोणाला द्या, असं डॉक्टरीणबाईने बजावलं होतं. पण गुरुवारी सकाळी मामांनी नाकातोंडावर फडकं बांधलं, खिडकी सताड उघडली, धूळ उडू नये म्हणून भिंतीवर पाणी शिंपडलं आणि रंग खरवडायची पत्ती घेऊन स्वतःच बसले. दुसऱ्याच्या हातात ही भिंत देणं त्यांना जमलं नसतं.

पिवळा निघाला तो पोळून निघालेल्या कातडीसारखा, अख्खा पापुद्रा. त्याच्या आत अजून लांबीसुद्धा ओली होती. तिच्याखाली गेल्या वर्षीचा पांढरा, आणि पांढऱ्याच्या मागच्या अंगाला काळी बुरशी, मखमलीसारखी दाट. कुबट वास आला. मामांनी तोंड फिरवलं, खोकले, पुन्हा पत्ती लावली. कोपऱ्यात गेल्या वर्षीची तारीख दिसली, नंबर दिसला. त्याखाली काही नव्हतं. त्या वर्षी लिहायला कोणी नव्हतंच.

त्याच्या आतला थर मामींच्या शेवटच्या वर्षातला. पापुद्रा निघाला आणि तारखेखाली मामींचं अक्षर दिसलं. थोडं थरथरलेलं.

मामा थांबले. त्यांनी पत्ती खाली ठेवली. न वाचायचं ठरलं होतं. मग त्यांनी चष्मा लावला.

'माझ्याकडची बाजू ओली लागते. सांगितलं तर तुम्हाला लागेल मनाला, रंगाऱ्याच्या घरात ओल म्हणून. भिंतीलाच सांगून ठेवते.'

वरून मास्तरीणबाईंच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, बातम्या लागल्या आणि संपल्या. मग त्यांनी पुन्हा पत्ती उचलली, कारण आता थांबणं शक्य नव्हतं.

त्याच्या आत: 'ठकीची छाती या खोलीत वाजते. पुढच्या वेळी तिला बाहेर झोपवीन.' त्याच्या आत: 'पुन्हा डाग, पुन्हा रंग. बरं बाबा.' त्याच्या आत आणखी दोन ओळी बुरशीने खाऊन टाकलेल्या. नुसता 'अहो' तेवढा वाचता आला. मग जुने थर लागले, कोरडे, घट्ट, कष्टाने निघणारे. 'हिरवा नको म्हटलं होतं. हिरवाच आणला. देवा, या माणसाला कान दे.' मामांना हसू आलं आणि त्या हसण्यातूनच खोकला. 'मुलीला पहिला दात आला. भिंतीला चावून बघितलं तिने.' आणि अगदी शेवटी, विटेच्या लगतच्या गिलाव्यावर, ठसठशीत कोवळ्या अक्षरात:

'पाठ करून उभे राहा म्हटलं, तर खरंच उभे आहेत. चांगला माणूस दिसतो.'

एकदा, फक्त एकदा लबाडी करायला हवी होती. सहा वर्षांत एकदा डोळे उघडे ठेवून ब्रश मारला असता, तर तिच्या डोक्याशी काय चाललंय ते कळलं असतं. पत्त्यांत लबाडी करणारा माणूस नेमका इथे प्रामाणिक राहिला. मामा पलंगाच्या कडेला बसून रडले, मोठ्याने, तोंडावरचं फडकं न काढता. ऐकायला कोणी नव्हतं, हे एक बरं होतं आणि तेच वाईट होतं.

गिलावा फोडल्यावर पाण्याचा उगम सापडला. वरच्या न्हाणीघराचा पाइप याच भिंतीतून खाली येत होता आणि त्याचा सांधा थेंबाथेंबाने गळत होता. किती वर्षं, कोणास ठाऊक. पलंगाच्या उशाशी बरोबर.

दुपारी मामांनी मुलीला फोन लावला. तिने उचलल्यावर सांगितलं, "बॅगा भरतेय बाबा. ठकीने आतापासूनच बूट घालून ठेवलेत."

"येऊ नका," मामा म्हणाले.

"काय?"

"ठकीला आणू नकोस. आतल्या भिंतीत ओल आहे. बुरशी आहे. फार वर्षांची आहे. मी झाकत राहिलो. तुझी आई…" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझ्या आईला ठाऊक होतं. तिने भिंतीवर लिहून ठेवलंय."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"मला पण ठाऊक होतं, बाबा," ती हळूच म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"आई मला सांगायची. म्हणायची, त्यांना बोलू नकोस, त्यांचा जीव त्या भिंतीत आहे. म्हणूनच मी ठकीला आणत नव्हते. परीक्षा आहे, रजा नाही, काहीबाही सांगायचे."

मामांच्या हातात फोन होता आणि समोर उघडी वीट होती. दोन वर्षं. दोन वर्षं रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसलो, ते या भिंतीपायी. आणि दोघींपैकी एकीनेही आपल्याला सांगितलं नाही, कारण आपल्याला सांगायची सोयच नव्हती.

"मग आता का यायला निघालीस?"

"तुम्ही फार एकटे वाटलात फोनवर," मुलगी म्हणाली. "म्हटलं दोन रात्री काढू. पंप आहे बरोबर."

"अगं वेडे," मामा म्हणाले. "पंपावर काढायच्या का माझ्या घरातल्या रात्री?"

"तुम्हीच या ना मग इकडे."

तिच्याकडे सासू, सासरे, दीर. झोपायला एक माणूस वाढलं तर दार उघडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ती म्हणाली, याचं मामांना बरं वाटलं.

"येईन. पण आधी पाइप बदलतो. मग भिंत वाळू दे. दोन महिने लागतील, तीन लागतील. मी सांगेन तेव्हा या."

मागून ठकीचं रडणं ऐकू आलं. बूट काढायला ती तयार नव्हती.

पाइप बदलला. मास्तरीणबाईंनी स्वतःच्या न्हाणीघरात प्लंबरच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेतलं. उशा, गाद्या टाकून दिल्या; भिंतीकडची उशी टाकताना मामा कचऱ्याच्या गाडीपर्यंत स्वतः गेले. आता ते बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपतात. सकाळचा खोकला कमी झालाय, शिट्टी अजून अधूनमधून वाजते. लोक बोलावतात, मामा, भिंतीला डाग पडलाय, जरा झाका. मामा विचारतात, पाणी कुठून येतंय? त्यामुळे बोलावणीही कमी झालीत.

रविवारी सकाळी फोन वाजतो. मामा तो पहिल्या घंटीलाच उचलतात.

"आबा, भिंत वाळली?" ठकी विचारते. कसे आहात, जेवलात का, काही नाही. थेट भिंत.

एवढं एक 'हो' म्हटलं की शुक्रवारी ती दारात असेल, हे मामांना पक्कं ठाऊक आहे. ते फोन घेऊन आतल्या खोलीत जातात. पलंग नाही, रंग नाही, नुसत्या विटा आणि कोपऱ्यात जपून ठेवलेला हातभर गिलावा, कोवळ्या अक्षराचा. ते विटेला तळवा लावतात. ओल लगेच हाताला लागते, तरी तळवा लावून ठेवतात, अजून थोडा वेळ, उगाच.

"नाही गं," मामा म्हणतात. "अजून ओली आहे."